डायनासोरची खूण

नांदेडच्या रेल्वे ऑफिसात ‘डायनासोर’ हा शब्द रुजवला तो बसलिंगप्पांनी. मूळचे उदगीरचे, अंगाने भारदस्त, आणि हसले की शेजारच्या खोलीतला माणूस काय झालं म्हणून बघायला यावा असे हसणारे हेडक्लार्क. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडेना, डायनासोर. छताचा पंखा फिरण्याआधी कण्हायला लागला, डायनासोर. शिपाई रामकिशन चहा आणायला जाऊन तासाभराने उगवला की ते मान वर न करता म्हणायचे, “आला का आपला डायनासोर? येनप्पा, काय रे, कुठल्या जंगलात चरत होता?” रामकिशनही हसायचा. बसलिंगप्पांच्या बोलण्याचा राग धरायचा म्हटलं तर माणसाने नोकरीच सोडायला हवी. जे जुनं झालं, जड झालं, ज्याचे दिवस सरले ते डायनासोर, असा त्या ऑफिसात त्या शब्दाचा अर्थ होता आणि तो सगळ्यांना पटलेला होता.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रविकांतलाही पटलेला होता. पण त्याला हे सगळं एकदा लिहून काढावं लागलं, कारण त्याच्या लेकीने ते मागितलं. बुद्धप्रिया लातूरला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत नववीत होती. तिने मोबाइलवर लिहून विचारलं, “बाबा, तुमच्याकडे डायनासोर हा शब्द कोण वापरतं? कशासाठी?” विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषयच तो घेतला होता, ‘डायनासोर: एका शब्दाचा अर्थ’. इतर पोरं ज्वालामुखी करतात, पाणी गाळायचं यंत्र करतात. ही बया शब्द घेऊन बसली! जिने जन्मापासून एक शब्द कानाने ऐकला नाही, तिने. रविकांतला हसू आलं, पण त्याने कपाट, पंखा, रामकिशन असं सगळं लिहून पाठवलं. लिहून बोलणं त्याला सोपं जायचं. अडचण होती ती हातांची, आणि ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

प्रिया लहान असताना घरात खुणांची एक भाषा तयार झाली होती. ती केली भामाबाईने, म्हणजे रविकांतच्या आईने. म्हातारीने ना डॉक्टरची वाट पाहिली ना शाळेची. “लेकराला आयकू येत न्हाई, पर दिसतं का न्हाई? मंग दाखवा की!” असं म्हणून तिने दाखवायला सुरुवात केली. भाकरी म्हणजे हातावर हात थापायचा. झोप म्हणजे गालाखाली पदर. आणि कोंबडी म्हणजे डाव्या तळहातावर उजव्या हाताची तीन बोटं रोवून मागे ओढायची, उकरल्यासारखी, कारण भामाबाईच्या कोंबड्या रोज तिचा मेथीचा वाफा उकरून ठेवत, आणि कोंबडीचं तेवढंच रूप तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रविकांत या भाषेत तरबेज झाला. बापलेक ओट्यावर बसून इतके हातवारे करायचे की त्याची बायको लुंबिनी म्हणायची, “जेवायला तरी हात मोकळे ठिवा.”

मग एकदा नांदेड स्टेशनवर दोघं गाडीची वाट बघत असेच बोलत बसले होते. प्रिया चार-पाच वर्षांची असेल. एक भले गृहस्थ जाता जाता थांबले, दोघांकडे पाहिलं, ‘अरेरे’ म्हणाले आणि पोरीच्या तळहातावर एक नाणं ठेवून पुढे गेले. पोर खूश झाली. तिने ते बापाला दाखवलं. रविकांतचे कान तापले. ज्या दिवशी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्याच्या आजाने गावात भाकरी मागायची टोपली अंगणात जाळली होती. ‘आता हात पसरायचा न्हाई,’ हे घरातल्या प्रत्येक लेकराला दुधाबरोबर पाजलेलं. आणि इथे, रेल्वेच्या पगारी माणसाच्या लेकीच्या हातावर, भर स्टेशनात, भीक.

त्या दिवसापासून चार लोकांत रविकांतचे हात खिशात गेले. घरात दार लावून तो बोलायचा, पण तेही हळूहळू कमी झालं. लुंबिनी शाळेतल्या खुणा शिकली, पालकसभेला जाऊ लागली. रविकांत लेकीला न्यायला-आणायला जायचा, पण फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली खिशात हात घालून उभा राहायचा. प्रियाने एकदा खुणेने विचारलं होतं, हात का लपवता म्हणून. थंडी वाजते, असं त्याने सांगितलं. तेव्हा लातूरला ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पोरीने परत विचारलं नाही.

ऑफिसात तर त्याची सोय आयतीच झाली होती. मुलगी कुठे असते असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, लातूरला शिकते. बस्स! आपल्याकडे लातूरला शिकते म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. जो तो समजतो की पोर शिकवणीला घातली आणि आता डॉक्टर होऊनच परतणार. “आत्तापासूनच लातूर? हुशार हो रविकांत!” बसलिंगप्पा म्हणाले होते. रविकांत नुसता हसला. खोटं तो काही बोलला नव्हता, पण खरं सांगायचंही त्याने टाळलं, आणि त्या टाळण्याची त्याला आतून लाज होती.

प्रदर्शनाची शेवटची फेरी नांदेडला आली आणि तीही रविवारी. लुंबिनी अंगणवाडीत सेविका, आणि त्या रविवारी नेमका पोलिओचा डोस. “सकाळधरनं बूथवर हाय मी. तुमीच जा,” ती म्हणाली. भामाबाईची फार इच्छा होती, पण गुडघ्यांनी घात केला. “जा, आन् नीट बघून ये. मला समदं सांगायचं,” तिने बजावलं. “आन् पोरगी सामने असंल तवा खांबावानी हुबा राहू नको.”

कॉलेजच्या सभागृहात तो शिरला आणि पहिला आवाज कानावर आला तो बसलिंगप्पांचा. त्यांचा वैजनाथ ठिबक सिंचनाचं मॉडेल घेऊन आला होता. “अरे, रविकांत! तुम्ही इथं? पोरगी आलीय काय लातूरहून? कुठलं मॉडेल?” रविकांत “हाव, आहे तिकडं,” असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. हात खिशात.

प्रियाचा नंबर आला. निळा गणवेश, दोन वेण्या, आणि चालण्यात अशी ऐट की जणू सभागृह तिच्याच नावावर आहे. बरोबर तिच्या शिक्षिका वर्षाराणी मॅडम, आणि शाळेच्या जीपमधून आलेली सात-आठ पोरं पुढच्या कोपऱ्यात. प्रिया हातांनी बोलायची आणि मॅडम ते मराठीत सांगायच्या. सुरुवातीला लोक आपसात कुजबुजले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ‘च्च’ केलं. रविकांतला ते ‘च्च’ चांगलंच ओळखीचं होतं. त्याने खिशातल्या मुठी आवळल्या.

पण पोरगी कुणाचं ऐकते थोडीच! ती आपली सांगत होती. डायनासोर हा शब्द एका इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून केला. एकाचा अर्थ भयंकर, दुसऱ्याचा सरडा. त्याच्यापुढे मूठभर हाडं होती, त्यावरून त्याने नाव ठेवलं. नाव चुकलं. सरड्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले असतात, डायनासोरचे पाय अंगाखाली सरळ होते. म्हणजे तो सरडा नाही. आणि सगळे भयंकरही नव्हते, काही तर मांजराएवढे होते.

“आता हा शब्द लोक कसा वापरतात ते बघा,” मॅडमनी प्रियाचे हात बघत सांगितलं. “नांदेडच्या एका ऑफिसात न उघडणाऱ्या कपाटाला डायनासोर म्हणतात. कण्हणाऱ्या पंख्याला म्हणतात. चहा उशिरा आणणाऱ्या शिपायालाही म्हणतात. म्हणजे जे संपलं, ज्याचा उपयोग नाही, ते डायनासोर.”

सभागृह हसलं. एक माणूस मात्र हसायचा थांबला. बसलिंगप्पांनी स्टेजकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून खांबापाशी उभ्या रविकांतकडे पाहिलं, आणि परत स्टेजवरच्या त्या पोरीच्या हातांकडे. त्यांना सगळं कळलं. लातूर, हॉस्टेल, रविकांतचं ते नुसतं हसणं. रविकांतला वाटलं, आत्ता या खांबाने आपल्याला पोटात घ्यावं.

परीक्षक एक प्राणिशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा वर सारून विचारलं, “बाळ, तू म्हणतेस हे नाव चुकलेलं आहे. मग तुझ्यावर सोपवलं तर तू डायनासोर कसं म्हणशील?”

मॅडमनी प्रश्न खुणांत सांगितला. हा प्रश्न तयारीत नव्हता. प्रियाने आधी शाळेत चालते ती खूण करून दाखवली, दोन्ही हातांचे पंजे आणि विचकलेले दात. मान हलवली. हे नको. मग तिने डावा हात डोक्याच्याही वर नेला, तळहात आभाळाकडे केला, टाचा उचलल्या, आणि उजव्या हाताची तीन बोटं त्या उंचावरच्या तळहातावर रोवून जोरात मागे ओढली.

वर्षाराणी मॅडम गोंधळल्या. त्यांनी तिला परत करायला लावलं. पुन्हा तेच. “माफ करा,” त्या परीक्षकांना म्हणाल्या, “ही खूण आमच्या शाळेतली नाही. मला... मला ही कळत नाही.”

प्रियाने सभागृहावरून नजर फिरवली आणि मागच्या खांबाकडे बोट केलं. दोनशे माना मागे वळल्या.

रविकांतला ती खूण कळली होती. त्याच्याइतकी ती जगात फक्त आणखी दोघींना कळली असती, एक पोलिओच्या बूथवर होती आणि दुसरी गुडघे धरून घरी. कोंबडी. भामाबाईची, मेथीचा वाफा उकरणारी कोंबडी. शाळेत कोंबडीची खूण वेगळी होती, तोंडापाशी चोच करायची. हिने घरची केली होती, आणि तीही एवढी उंच! आता विभागाच्या प्रदर्शनात, एवढ्या शिकलेल्या लोकांपुढे, बापाने काय सांगायचं? डायनासोर म्हणजे कोंबडी? लोक पोट धरून हसतील. मुकी पोरगी, अडाणी खुणा, असं म्हणतील. कुणी तरी पुन्हा ‘अरेरे’ म्हणेल. त्याच्या मनात लेकीला वाचवायचं होतं. निदान त्याने स्वतःला तसं समजावलं.

“जनावर,” तो खांबापासूनच म्हणाला. “लई थोरलं जनावर, असं सांगून राहिली ती.”

प्रियाने जोरात मान हलवली. नाही! तिला ऐकू येत नसलं तरी ओठ दिसत होते. ‘कोंबडी’ म्हणताना ओठ एकदा घट्ट मिटावे लागतात. आजीचे ओठ दिवसातून शंभरदा तसे मिटताना तिने पाहिले होते. बापाचे ओठ मिटलेच नव्हते. तिने परत हात उंचावला, परत तीन बोटांनी उकरलं, आणि तशीच थांबली. डावा हात वर. अवघडला तरी खाली घेईना.

रविकांतने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांपुढे पोर ताठ उभी होती, आणि मान खाली होती ती बापाची. आजाने टोपली जाळली ती कशासाठी? लेकरांनी मान वर करून उभं राहावं म्हणून. ही राहिली की! हिला कुणाची भीक नको होती, दयाही नको होती. तिला फक्त तिचा शब्द जसाच्या तसा हवा होता, आणि तो तिचा बाप खिशात घालून उभा होता. रविकांतला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्याने हात खिशातून काढले. खांब सोडला. मधल्या वाटेने चालत पुढे जाता जाता, सगळ्यांच्या देखत, त्याने हातांनी विचारलं: कोंबडी? आपली, घरची?

प्रियाने हात खाली घेतला आणि हसली. हो. घरचीच.

“कोंबडी,” रविकांत स्टेजपाशी येऊन म्हणाला. मग सभागृहाकडे तोंड करून त्याने परत म्हटलं. “कोंबडी म्हणून राहिली ती. आमच्या घरची खूण हाय. माह्या आईनं केलेली. उंच कोंबडी म्हंजे डायनासोर.”

सभागृह खदखदून हसलं. वैजनाथ हसला, ‘च्च’ करणाऱ्या बाई हसल्या. रविकांत थांबला. त्याला वाटलं होतं तसं तो मेला नाही, उलट त्याला चेव चढला.

“हसा, हसा. मलाबी आंदी हसूच आलं,” तो म्हणाला. “पर तिचं झालं न्हाई अजून. आता आयका.”

आणि मग तो सांगत गेला. प्रियाचे हात पळत होते आणि रविकांतचा आवाज त्यांच्यामागून पळत होता. काही अडलं तर तो हातांनी विचारायचा, ती हातांनी सांगायची, आणि ते विचारणं-सांगणंही सगळं सभागृह बघत होतं. शाळेतल्या खुणा आल्या की वर्षाराणी मॅडम मदतीला यायच्या.

“ती म्हणते, शाळेतल्या खुणंत नुसती चोच हाय. आजीच्या खुणंत पाय हाय. आन् डायनासोरची वळख पायातच हाय. ज्या डायनासोरांपासून पाखरं झाली, ते दोन पायांवर चालायचे, आन् जमिनीवर तीन बोटं टेकवायचे. कोंबडी चिखलातून गेल्यावर जसा ठसा उमटतो तसाच त्यांचाबी. फक्त थोरला. हाडं आतून पोकळ, तिचीबी, त्यांचीबी. अंडी घालायची, तिनंबी, त्यांनीबी. ती म्हणते... थांब गं जरा, काय?” त्याने हाताने विचारलं. “हाव. ती म्हणते, आमची आजी ‘हाड’ म्हणून धावली की कोंबडी मान पुढं काढून, शेपूट मागं ताणून कशी पळती, ते बगा. सात कोटी वर्सांमागं असंच कुणीतरी पळत असंल.”

आता कुणी हसत नव्हतं. परीक्षक बाई पुढे झुकून बसल्या होत्या.

“आन् शेवटचं,” रविकांत म्हणाला, आणि इथे त्यालाच हसू फुटलं. “ती म्हणते, माह्या बाबांच्या हापिसात जे संपलं त्याला डायनासोर म्हणतात. पर ते संपलेच न्हाईत. बारके झाले, पंख लावले आन् आमच्या अंगणात राह्यला आले. सकाळी अंडं देतात. उपयोग न्हाई म्हणणाराला अंडं देऊ नका म्हणते.”

टाळ्या पडल्या त्या आधी मागून पडल्या. मोठे, जाडजूड तळवे एकमेकांवर आपटत होते. बसलिंगप्पाच. त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह. प्रियाला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. रविकांतने वळून पाहिलं, आणि दोन्ही हात वर नेऊन, बोटं पसरून, मनगटातून हलवले. तिच्या शाळेत टाळ्या अशाच वाजवतात, गॅदरिंगला त्याने लांबून पाहिलेलं होतं. आज पहिल्यांदा त्याने त्या वाजवल्या. परीक्षक बाईंनी ते पाहिलं आणि हातातला पेन खाली ठेवून त्यांनीही हात वर केले. मग पुढची रांग, मग मागची. सगळं सभागृह गप्प, आणि सगळे हात वर. रविकांतला त्याच्या आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, नोकरी लागली तेव्हा नाही की घर बांधलं तेव्हा नाही.

नंबर दुसरा आला. पहिला कुठल्या तरी सौर चुलीला गेला. “चूल बी चांगलीच होती,” असं रविकांत नंतर मोठ्या मनाने म्हणत असे, पण म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर ते मोठं मन काही दिसत नसे.

दारात बसलिंगप्पा भेटले. नेहमीचं हसू नव्हतं. “लातूरला शिकते म्हणाला होता. मी डॉक्टर समजत होतो.”

“न्हाई साहेब. ऐकू येत न्हाई तिला. तिथल्या शाळेत हाय,” रविकांत सरळ म्हणाला. एवढी वर्षं घशात अडकलेलं वाक्य एका दमात बाहेर आलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

बसलिंगप्पांनी मान डोलावली. मग त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “अप्पा रविकांत, पण माझा शब्द नेला की हो तुमच्या पोरीनं. उद्या रामकिशनला काय म्हणू?”

“रामकिशन म्हणा,” रविकांत म्हणाला. “नाव हाय त्याला.”

बसलिंगप्पा असे हसले की फाटकावरचा वॉचमन बघायला आला.

लातूरला परत जायच्या आधी शाळेची जीप रविकांतच्या घरी आणायचीच असं ठरलं, कारण सगळ्या पोरांना डायनासोर बघायचे होते. भामाबाई ओट्यावर वाटच बघत होती. सात-आठ पोरं अंगणात शिरली आणि कोंबड्यांची जी त्रेधा उडाली! एक भिंतीवर चढली, एक मेथीच्या वाफ्यात घुसली, आणि पोरं तिच्या पायांकडे बोट दाखवून हात उंच नेऊन तीन बोटं ओढत होती.

“हे काय करून राहिले?” भामाबाईने विचारलं. “माही खूण हाय ती. कोंबडीची.”

“आता डायनासोरची बी हाय, आजी,” वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून शाळेत हीच चालणार. पोरांनी जीपमध्येच ठरवून टाकलं.”

डायनासोर म्हणजे काय हे म्हातारीला विचारायची गरज वाटली नाही. आपली खूण लातूरच्या शाळेत जाणार, एवढं तिला कळलं, आणि ते पुरेसं होतं. तिने पदर सावरला आणि पाठ ताठ केली. “मंग नीट शिकवा त्यांला,” ती म्हणाली. “बोटं नुसती फिरवू न्हाई. रोवायची, आन् मंग वढायची.” आणि तिने स्वतः पोरांना करून दाखवलं.

लुंबिनीही बूथवरून आली होती, चहा टाकत होती. रविकांत ओट्याच्या कडेला उभा राहून हे सगळं बघत होता. तेवढ्यात एका पोराने त्याच्याकडे बोट केलं आणि दुसऱ्या पोराला एक खूण केली. खांदे पाडायचे, मान खाली घालायची, दोन्ही हात खिशात खुपसायचे. दुसऱ्याने मान डोलावली. अरे हो, हेच ते, अशी.

“हे काय म्हणतात?” रविकांतने विचारलं.

मॅडम जरा अवघडल्या. “आमच्याकडे प्रत्येक माणसाला हातांचं नाव असतं, साहेब. त्याचं जे दिसतं त्यावरून पोरं ठेवतात. माझं हे, हनुवटीवरचा तीळ.” त्यांनी त्या पोराकडे बोट केलं. “ते तुमचं नाव आहे.”

“कवापासून?”

“तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात, तेव्हापासून.”

इतकी वर्षं एक अख्खी शाळा त्याला त्या नावाने ओळखत होती, आणि त्याची लेक त्या नावाच्या माणसाची पोर म्हणून तिथे राहत होती. तिने एका अक्षराने घरी सांगितलं नव्हतं.

प्रिया पोरांच्या मधून पुढे आली. तिने त्या पोराचा हात धरून त्याला थांबवलं आणि सगळ्यांना आपल्याकडे बघायला लावलं. मग तिने दोन्ही हात खिशात घातले, लगेच बाहेर काढले, छातीसमोर आणले आणि बोटं मोकळी करून दोन्ही तळवे सगळ्यांपुढे उघडले. बापाकडे बोट केलं. हे. आजपासून हे. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग अंगणभर तेच सुरू झालं. हात खिशात, हात बाहेर, तळवे उघडे.

रविकांतने स्वतःचं नाव स्वतःच्या हातांनी करून बघितलं. हात खिशात घातले, काढले, उघडले.

प्रियाने मान हलवली. चुकलं. तिने त्याची मनगटं धरली आणि त्याला दाखवलं: खिशापाशी थांबायचं नाही, हात लागला की लगेच बाहेर. थांबायचं ते उघड्या हातांवर.

त्याने पुन्हा केलं.